परीक्षेपुरतं मरण

“रडायचं माह्यावर सोडा बाई, तुमी फक्त कोन मेलं तेवढं सांगा.”

हे वाक्य मनकर्णाबाई अस्मिता मॅडमना म्हणाल्या तेव्हा त्या लसूण सोलत बसल्या होत्या. संध्याकाळी घरी येऊन चपला काढता काढता त्यांनीच ते आपल्या सुनेला, आकांक्षाला, सांगितलं. सांगताना हसत होत्या. आकांक्षाला मात्र ते वाक्य पुढं कित्येक दिवस आठवत राहिलं, दातात काही अडकून राहावं तसं.

नालवाडीतल्या एका संस्थेत मनकर्णाबाई सैपाकाला होत्या. खाली कूलर दुरुस्तीचं दुकान, वरच्या मजल्यावर ऑफिस, त्याच्याही वर गच्चीत पत्र्याखाली चूल आणि गॅस. संस्थेचं काम सांगायला सोपं होतं. ज्या घरात मरण झालं त्या घरी जायचं, आणि माणूस कशानं गेला ते घरच्यांना विचारायचं. खेड्यातली पुष्कळ माणसं घरातच मरतात, डॉक्टरचा कागद नसतो. मग घरच्यांच्या बोलण्यातून कारण शोधायचं. ताप होता का, दम लागत होता का, डोळे कसे दिसत होते, शेवटचं पाणी गिळलं का.

असं विचारणारी माणसं नेमायची तर त्यांची परीक्षा घ्यावी लागते, आणि ती कोणाच्या खऱ्या दुःखावर घेता येत नाही. त्यासाठी खोटं दुःख लागतं. नागपूरहून नाटकात काम करणारी एक मुलगी त्यासाठी यायची. एकदा ती आलीच नाही. उमेदवार ताटकळले. अस्मिता मॅडम, ज्यांच्याकडे माणसं नेमायचं काम होतं, गच्चीवर आल्या आणि अवघडून म्हणाल्या, “मावशी, थोडा वेळ कुणाची तरी आई व्हाल का?”

त्या दिवसापासून मनकर्णाबाई मेलेल्यांच्या आई, बायको, सासू, बहीण होत आल्या. सैपाक उरकायचा, हात पुसायचे, खाली येऊन खुर्चीवर बसायचं. अस्मिता मॅडम कानात मरण सांगायच्या. मनकर्णाबाई मान हलवायच्या, आणि समोरचा कोवळा उमेदवार प्रश्न विचारायला लागला की त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू ते घर उतरायचं. परीक्षा संपली की पदरानं तोंड पुसून म्हणायच्या, “चला, चहा ठेवतो.”

गल्लीत याची थट्टा व्हायची. समोरच्या इलाकाकू तर वाटच पाहत असायच्या.

“काय वो मनकर्णाबाई, आज कोनाले पोचवून आल्या?”

“जवायाले. सर्पानं.”

“माय वो! परवा तं सून गेलती ना तुमची?”

“गेलती. बाळंतपनात. तुमचाबी नंबर लावाचा इचार होता, पन तुमच्या तोंडाची बिमारी त्यायच्या फारमात बसत नाई म्हने.”

गल्ली हसायची. आकांक्षा आतून ऐकायची आणि पातेलं घासत राहायची. इतकी मरणं त्या बाईच्या तोंडून निघत होती, आणि घरात एक नाव होतं ज्याच्यापुढं ‘गेला’ हा शब्द कधी उमटला नव्हता.

ते नाव कैलासचं. मनकर्णाबाईंचा मुलगा, आकांक्षाचा नवरा.

ही मंडळी मूळची पुलगावजवळच्या नाचणगावची. घरचं थोडं वावर होतं. सासरे रूपराव अर्धांगानं अंथरुणावर पडले आणि त्यातच गेले. कैलास मोबाइलचे टॉवर उभे करणाऱ्या एका ठेकेदाराबरोबर बाहेर पडला. आज छत्तीसगड, उद्या बिहार. लग्न झाल्यावरही तसाच. महिना-दोन महिन्यांनी यायचा, उन्हानं काळा पडलेला, बॅगेत कुठल्या तरी गावची मिठाई पिचलेली. शेवटचा फोन रक्सौलहून आला. “पूल दिसून राह्यला इथून, पुलापलीकडं नेपाळ,” म्हणाला. “तिकडं एक टॉवर टाकाचा आहे. दिवाळीले येतो.”

दिवाळी आली. फोन बंद. ठेकेदार म्हणाला, भांडून काम सोडून गेला, मला काय माहीत. पुलगावच्या ठाण्यात तक्रार दिली. कैलासचा चुलता रक्सौलपर्यंत जाऊन आला, आणि आल्यावर नीट डोळ्याला डोळा देईना. दोघी रोज नंबर लावायच्या. एक दिवस पलीकडं घंटी वाजली. आकांक्षानं ओरडून हाक मारली. मनकर्णाबाई ओल्या पायांनी न्हाणीतून धावत आल्या. पलीकडून एक बाई वैतागून म्हणाली, “अरे, ये नंबर तो अब हमारा है. कितनी बार बताएँ?”

कंपनीनं नंबर दुसऱ्याला देऊन टाकला होता.

नाचणगावात दारावरून जाणारा प्रत्येक जण विचारायचा, काई समजलं काय वो? शेवटी वावर ठोक्यानं दुसऱ्याला कसायला देऊन दोघी नालवाडीला भाड्याच्या खोलीत आल्या. इथं मनकर्णाबाईंनी एकच वाक्य ठेवलं: “पोरगा बाहेर आहे, कामाले.” पुढं विचारायची कोणाला गरज पडली नाही. पण माणसांना वास येतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका आकांक्षाच्या कपाळाशी बोट आणायच्या आणि ते बोट हवेत किंचित थांबायचं. बोट थांबतं तेवढ्या वेळात माणूस किती जुना होतो, हे तिनं कोणाला सांगितलं नाही.

पितृपक्षात मनकर्णाबाई एकच पान वाढायच्या, रूपरावांचं. आकांक्षा बघायची. मनकर्णाबाई तिच्याकडं बघायच्या नाहीत. सिंदीहून आकांक्षाचे वडील लक्ष्मणराव यायचे, चहा घेऊन झाला की खाली मान घालून म्हणायचे, “पोरी, सात वर्स झाले, आता कायद्यानंबी तुले मोकळं होता येते. कोर्टातून कागद भेटते.” मनकर्णाबाई तेव्हा कपबशा उचलून आत जायच्या. आकांक्षा म्हणायची, “बाबा, आत्याबाईसमोर नोका बोलू.” तिला वाटायचं, त्या म्हाताऱ्या जीवात एवढी एकच दोरी उरली आहे. ती आपण कशी कापायची?

आणि मग संस्थेत तो नवा प्रकल्प आला. आपला देश, नेपाळ आणि बांगलादेश, तिन्हीकडं तेच प्रश्न, तीच पद्धत, आणि सगळी माहिती एकत्र. माणूस कामासाठी सीमेपलीकडं जातो आणि तिकडं मरतो, तेव्हा तो इकडच्या हिशेबात येत नाही, तिकडच्याही येत नाही. तो निदान कुठं तरी मोजला जावा, असं त्यामागं होतं. त्यासाठी संशोधक हवे होते. शिकलेले, खेड्यात फिरणारे, काही महिने नेपाळच्या बाजूला राहून काम करायची तयारी असलेले.

मनकर्णाबाईंनी ही बातमी घरी आणली. आकांक्षा समाजकार्यात एम. ए. झालेली होती आणि एका खोलीत शिकवण्या घेत होती.

“तू अर्ज भर,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “मी इचारून आलो सगळं.”

त्यांनी अस्मिता मॅडमना विचारलं होतं, “तिकडचे मेलेलेबी तुमच्या कॉम्प्युटरात येतीन काय बाई?”

“येतील ना मावशी. तोच तर उद्देश आहे.”

“नावासकट?”

अस्मिता मॅडमना वाटलं, बाईला आपल्या गावच्या माणसांची नावं परक्या देशात जाण्याची काळजी आहे. त्यांनी मनकर्णाबाईंचा हात धरून धीर दिला. “छे हो मावशी. नावं आम्ही सगळ्यात आधी काढून टाकतो. कोणाचंच नाव राहत नाही. तुम्ही अगदी निश्चिंत राहा.”

घरी आकांक्षाला हे सांगताना मनकर्णाबाई भाकर थापत होत्या. “वय राह्यते म्हने,” त्या म्हणाल्या. “बिमारी राह्यते. बाई का मानूस तेबी राह्यते. नाव तेवढं काढून टाकते.” भाकर तव्यावर पडली. “तूच जाय. कागदात नाई तं मानसाईले इचारजो. पुलापलीकडच्या.”

“हाव, इचारीन,” आकांक्षा म्हणाली.

तिनं खोटं सांगितलं नव्हतं. पण खरं वेगळं होतं. तिला जायचं होतं कारण तिकडं तिच्या कपाळाशी कोणाचं बोट थांबणार नव्हतं. तिला तिचं स्वतःचं एखादं वर्ष हवं होतं. ती रात्री पडल्या पडल्या पूल डोळ्यासमोर आणायची, आणि त्या पुलावर कैलास नसायचा. ती एकटीच असायची, खांद्याला पिशवी लावून. सकाळी उठून सासूच्या चेहऱ्याकडं बघणं तिला जड व्हायचं.

एक अडचण होती. संस्थेत कोणाचा नातेवाईक असला की त्याची निवड बाजूला ठेवायचे. “सैपाकीनबाईनं सून चिकटवली म्हनतीन,” मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि त्यांनीच तोड काढली. आकांक्षाच्या डिग्रीवर माहेरचं आडनाव होतं, तेच राहू द्यायचं. ऑफिसात आपण दोघी अनोळखी. तिनं सासूला रोजच्यासारखं ‘आत्याबाई’ न म्हणता ‘मावशी’ म्हणायचं, यांनी ‘मॅडम’. राहिली परीक्षा. तिथं खोटं दुःख सांगायला दोघं असत, मनकर्णाबाई आणि पुंडलिकराव. पुंडलिकराव रिटायर पोस्टमन, ते बायको मेलेला नवरा होत, मुलगा मेलेला बाप होत. आकांक्षाचा नंबर त्यांच्याकडं लागेल अशी व्यवस्था मनकर्णाबाईंनी करून ठेवली होती.

परीक्षेच्या सकाळी पुंडलिकरावांचा फोन आला. अस्मिता मॅडमच्या हातात फायली होत्या म्हणून फोन स्पीकरवर होता, आणि बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्या उमेदवारांनी तो ऐकला.

“मॅडम, मी काई येत नाई आता.”

“का हो पुंडलिकराव? बरं नाही का?”

“मी ठीक आहो. मंडळीचं बिनसलं. म्हनते, मी इथं धडधाकट बसून राह्यली आन् तुमी तिथं दर खेपी मले मारता. कधी क्यान्सरनं, कधी पानी लागून. एखाद्या दिवशी यमराज खरं समजून घेईन म्हनते.”

“अहो, मग आज मुलगा मारू ना. बायको नको.”

“पोरगा? मग तं घरात घ्याचीच नाई मले!”

बाकावरचे हसले. आता उरल्या एकट्या मनकर्णाबाई.

तिला बोलावलं तेव्हा त्या खुर्चीत बसलेल्या होत्या. भिंतीवरच्या पडद्यावर काठमांडूच्या मॅडम होत्या, त्या प्रकल्पातल्या तिकडच्या प्रमुख. पुण्यात शिकल्यामुळं त्यांना मराठी बऱ्यापैकी कळायचं. अस्मिता मॅडम मनकर्णाबाईंच्या कानाशी वाकून काही सांगत होत्या. सांगून झाल्यावर म्हणाल्या, “चालेल ना मावशी?”

मनकर्णाबाईंनी आकांक्षाकडं पाहिलं नाही. नाही म्हटलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण दिलं असतं तर नोकरी गेली असती.

“चालते,” त्या म्हणाल्या.

आकांक्षा समोर बसली. परीक्षेआधी उमेदवारांना शिकवलं होतं, त्याप्रमाणं तिनं सुरुवात केली. “नमस्कार मावशी. तुमच्या घरी दुःख झालं त्याचं वाईट वाटतं. तुमची तयारी असेल तर थोडं विचारू का? नको वाटलं तिथं थांबू.”

“इचारा.”

“कोण गेलं मावशी?”

“पोरगा.”

खोलीतला कूलर खडखडत होता. आकांक्षानं कागदाकडं पाहिलं. हे सांगितलेलं आहे, तिनं स्वतःला बजावलं. हे मॅडमनी कानात सांगितलेलं आहे.

“त्यांचं नाव?”

“नाव कायले पायजे? तुमी काढूनच टाकता ना.”

अस्मिता मॅडम गालात हसल्या. पडद्यावरच्या मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं.

“बरं, राहू द्या. वय काय होतं?”

“तिशीचा होता.”

“काय त्रास होत होता?”

“कावीळ झाल्ती.” मनकर्णाबाई सांगू लागल्या. डोळे कसे हळदीसारखे झाले, भाताचा वास सहन होईना, गावठी औषध कुठून आणलं. आकांक्षा विचारत गेली, लिहीत गेली. हळूहळू तिचा श्वास जागेवर आला. कैलासला कावीळ कधीच झाली नव्हती. हा दुसरा कोणाचा तरी मुलगा होता. त्याच्यासाठी दोघींना मिळून दुःख करता येत होतं, आणि ते जवळजवळ सोपं होतं.

“शेवटी ते घरीच होते का?”

मनकर्णाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

“नाई.”

अस्मिता मॅडमनी मान वर केली. त्यांनी सांगितलेला मुलगा घरी मेला होता.

“दवाखान्यात?”

“नाई.”

“मग कुठं मावशी?”

“मले मालूम नाई.”

माहीत नाही असं उत्तर आलं की घाई करायची नाही, थांबायचं, आणि दुसऱ्या बाजूनं विचारायचं, असं उमेदवारांना शिकवलेलं होतं. आकांक्षा थांबली. ती उठून जाऊ शकली असती. पण समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर आज कोणाचं घर उतरलं नव्हतं. तो रोजचाच चेहरा होता, सकाळी चहाच्या कपापलीकडं दिसणारा.

“मग ते गेले,” आकांक्षा म्हणाली, “हे तुम्हाला कसं समजलं?”

“कोनी सांगतलं नाई. कनीक भिजवून राह्यलो होतो. रोज त्याच्या वाट्याची एक मूठ जास्त घेतो मी. येईन तं असू दे म्हनून. उरली तं गाईले. त्या दिवशी हात डब्यात गेला आन् कमीच घेऊन वर आला. मी पाह्यत राह्यलो हाताकडं. म्हटलं, याले कोनं सांगतलं? मग पोया लाटल्या. दोघीच्याच.”

“घरात तेव्हा आणखी कोण होतं?”

“सून आहे. पन ते शिकवनीले गेलती.”

“तिला सांगितलं का?”

हा प्रश्न प्रश्नावलीत नव्हता. अस्मिता मॅडमनी पान उलटून पाहिलं.

“नाई.”

“काऊन?” आकांक्षाच्या तोंडून निघून गेलं. इतका वेळ सांभाळलेली ऑफिसची भाषा तिथंच गळाली.

“तिनं इचारलं नाई,” मनकर्णाबाई म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या. बाकीच्या मरणांत त्या कुठं ना कुठं डोळ्याला पदर लावायच्या. “मी वाट पाह्यत होतो, आज इचारीन, उद्या इचारीन. तिले वाटे, सासूची आस आहे, कायले तोडू. मले वाटे, पोरगी आस लावून बसली, कायले तोडू. अशा दोघी एकमेकीची आस राखत बसलो. पाह्यलं तं कोनाचीच नोहोती.”

आकांक्षाचं पेन कागदावर टेकलेलं होतं आणि तिथं शाईचा ठिपका मोठा होत होता.

“आता सून दूर जातो म्हनते,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “मीच धाडून राह्यलो होतो तिले, त्याले शोधाले. मांगच्या आठवड्यात पाह्यलं, झोपेत हसत होती. कईच हसत नाई ते. म्हटलं, हे काई शोधाले जाऊन नाई राह्यली.” पहिल्यांदाच त्यांनी आकांक्षाच्या डोळ्यांत पाहिलं. “तिले सांगजा. शोधू नोको म्हना. कामाले जाय म्हना, खुशीनं. त्याचं मी पाहून घेतो.”

मग पडद्यावरून आवाज आला, “बहुत बढ़िया. बिल्कुल नैचुरल. अस्मिता जी, ये थिएटर से हैं क्या?”

अस्मिता मॅडम एकदा मनकर्णाबाईंकडं पाहत होत्या, एकदा आकांक्षाच्या कपाळाकडं.

प्रश्नावलीच्या शेवटी एक वाक्य वाचावंच लागतं. ते वाचलं नाही तर मुलाखत अपुरी धरतात. आकांक्षानं कागद उचलला. अक्षरं दिसत नव्हती, पण ती तिला पाठ होती. नोकरी, पूल, खांद्यावरची पिशवी, सगळं त्या एका वाक्याच्या पलीकडं उभं होतं. नीट ‘मावशी’ म्हणायचं आणि वाक्य संपवायचं, एवढंच उरलं होतं.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “तुमाले आमच्याकून काई इचाराचं आहे काय?”

अस्मिता मॅडमच्या हातातलं पेनाचं झाकण टेबलावर पडलं आणि गडगडत गेलं.

मनकर्णाबाई खुर्चीचे हात धरून उठल्या. पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. आकांक्षाच्या खुर्चीशी आल्यावर त्यांचा हात तिच्या डोक्यावर क्षणभर टेकला, दुःखाच्या घरी बसायला गेलेली बाई उठताना ठेवते तसा. अशा घरून उठताना ‘येतो’ म्हणत नाहीत. घरच्यांनीही ‘या’ म्हणायचं नसतं. आकांक्षा म्हणाली नाही. मनकर्णाबाई दाराबाहेर गेल्या, बाकावरच्या उमेदवारांनी पाय आखडून त्यांना वाट दिली, आणि गच्चीच्या जिन्याकडं न वळता त्या खाली उतरून रस्त्याला लागल्या.